शी-शू सांगायला मूल तयार झालंय हे कसं ओळखायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोंबिवलीत मी गेली एकोणीस वर्षं पाळणाघर चालवते. संध्याकाळी मुलाला न्यायला आलेले आईबाबा दारात चप्पल घालता घालता जे विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केलेत. मी डॉक्टर नाही, त्यामुळे आजारपणाच्या बाबतीत बालरोगतज्ज्ञांचंच ऐका. फरशी पुसण्याचा अनुभव मात्र माझ्याइतका फार थोड्यांना असेल.

मुलगी दीड वर्षाची झाली. आता सुरू करायचं का?

वय सांगितलंत, आता मुलगी कशी आहे ते सांगा. दीड वर्षाची एक मुलगी चड्डी ओढत स्वतःच बाथरूमकडे निघते, दुसरी ओल्या डायपरमध्ये तासभर खुशाल ठोकळे रचत बसते. दोघींमध्ये काहीही बिघडलेलं नाही. बहुतेक मुलांमध्ये तयारीच्या खुणा दीड ते अडीच वर्षांच्या दरम्यान कधीतरी दिसू लागतात, काहींना तिसरं वर्ष लागतं. तुमच्या मुलीत त्या आताच दिसत असतील तर थांबायचं कारण नाही. दिसत नसतील तर एक पॉटी आणून बाथरूमच्या कोपऱ्यात ठेवा आणि विसरून जा. ती तिच्यावर बाहुली बसवेल, डोक्यावर टोपीसारखी घालेल. घालू दे.

खुणा म्हणजे नक्की काय बघायचं?

सगळ्यात आधी कोरडेपणा. मूल दिवसा सलग दोन तास कोरडं राहतंय का? दुपारच्या झोपेतून कधीकधी कोरडं उठतंय का? तान्ह्या बाळाचं मूत्राशय भरलं की आपोआप रिकामं होतं, त्यात त्याचा काही हात नसतो. मूल वाढतं तशी पिशवी मोठी होते आणि धरून ठेवण्याची ताकद येते. डॉक्टरांचा ढोबळ हिशेब असा आहे की वयात एक मिळवायचा आणि तिसाने गुणायचं. म्हणजे दोन वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण ९० मिलिलिटर मावतं, टपरीवरच्या कटिंग चहाएवढं. हे मनात ठेवलं की ‘आत्ता तर गेला होता, परत कशी झाली?’ असा राग येत नाही.

तपासायची सोपी रीत अशी: तीन-चार दिवस दर तासाला हात लावून बघा आणि दुधाचा हिशेब जसा कॅलेंडरवर मांडतो तशी फुली किंवा टिंब करा. चौथ्या दिवशी चित्र स्पष्ट दिसतं. काही मुलांचं वेळापत्रक इतकं ठरलेलं असतं की आई चकित होते.

दुसरी खूण थबकण्याची. खेळता खेळता मूल एकदम गप्प होतं, नजर एका जागी लागते, चेहरा लाल होतो. किंवा ते पडद्यामागे, सोफ्याच्या मागे, टेबलाखाली जाऊन कुंथतं. आपण म्हणतो ‘लपून शी करतंय’, पण त्याचा अर्थ मोठा आहे. आतून येणारा निरोप त्याला मिळायला लागलाय, आणि हे सगळ्यांसमोर करायचं काम नाही हेही कळलंय.

मग अंगाची तयारी: चालता येणं, उकिडवं बसून स्वतः उठता येणं, इलॅस्टिकची चड्डी गुडघ्यापर्यंत ओढता येणं. समज: ‘चेंडू उचल आणि बाबांना दे’ अशी दोन टप्प्यांची सूचना पाळता येणं. बोलता आलंच पाहिजे असं नाही. बोट दाखवून, चड्डी ओढून सांगणारी कितीतरी मुलं मी पाहिलीत. आणि शेवटी मर्जी. तुमच्या मागे बाथरूममध्ये येणं, ताईसारखी चड्डी हवी म्हणणं.

सगळ्या खुणा एका रांगेत उभ्या राहण्याची वाट बघू नका. मला विचाराल तर कोरडेपणा आणि थबकणं या दोन दिसल्या की सुरू करावं. चड्डी आपण काढून देऊ शकतो, मूत्राशय आपण मोठं करू शकत नाही. अपवाद एकच: मूल सध्या प्रत्येक गोष्टीला ‘नाही’ म्हणण्याच्या ऐन भरात असेल तर महिनाभर सोडून द्या. शी-शूच्या बाबतीत शेवटचा शब्द त्याचाच असतो आणि हे त्याला लवकरच कळतं.

झाल्यावर सांगतो, आधी सांगत नाही. मुद्दाम करतो का?

नाही हो. आधी ‘ओलं झालंय’ हे कळतं. मग ‘आत्ता होतंय’ हे कळतं. ‘होणार आहे’ हे सगळ्यात शेवटी. पहिल्या पायरीवरून तिसरीवर यायला कुणाला दोन आठवडे लागतात, कुणाला चार महिने. तुमचा मुलगा पहिल्या पायरीवर आहे आणि ही बातमी चांगली आहे. अशा वेळी आपल्या तोंडून हमखास निघतं, ‘झाल्यावर काय सांगतोस!’ मग ते सांगणंच बंद करतं. त्याऐवजी ‘सांगितलंस ना, चल बदलू’ म्हणा आणि बाथरूममध्ये नेऊन बदला. खोलीत आडवं करून बदलू नका. या गोष्टीची जागा कुठे आहे, हे त्याच्या लक्षात राहायला हवं.

सासूबाई म्हणतात, ‘आमची पोरं वर्षाच्या आत सांगायची.’ खरं असेल का?

यावरून घराघरांत तोंडं फुगतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपल्याकडे आई किंवा आजी मोरीत पाय पसरून बसायची, तान्ह्याला दोन पायांवर बसवायची आणि तोंडाने ‘शूऽऽऽ’ असा आवाज करायची. सकाळी उठल्यावर, दूध पाजल्यानंतर, झोपेतून उठल्यावर. काही आठवड्यांत त्या आवाजाची आणि त्या बसण्याची बाळाला सवय व्हायची. ही काही फक्त आपलीच रीत नाही. केनियाच्या किनाऱ्यावरच्या डिगो लोकांत असंच करतात. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, त्यांची बाळं पाच-सहा महिन्यांची होईपर्यंत बरीचशी कोरडी राहतात अशी नोंद आहे. तेव्हा सासूबाई खोटं बोलत नाहीत.

पण ‘सांगायची’ हा शब्द बघा. आठ महिन्यांचं बाळ काय सांगणार? ते चुळबुळ करायचं, आणि ती चुळबूळ ओळखणारं माणूस दिवसभर हाताच्या अंतरावर असायचं. तयार झालेली असायची ती आजी. बाळाला इशाऱ्याची सवय होती, पण स्वतःहून ओळखणं, धरून ठेवणं, चालत जाणं आणि चड्डी काढणं हे त्याला पुढे दोन-अडीच वर्षांना शिकावंच लागायचं. तोवर कामाचा अर्धा भाग झालेला असल्यामुळे ते शिकणं कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. शिवाय दोन डझन लंगोट, अंगणातलं ऊन, पुसायला सोपी जमीन आणि घरात चार बायका. आता सव्वाआठची लोकल पकडणाऱ्या आईने तो हिशेब स्वतःला लावून घेऊ नये.

आजी घरात असतील आणि त्यांना हौस असेल तर बाळाला जरूर पायांवर घेऊ द्या. त्याने काही बिघडत नाही, बाळाला धरून दाबून बसवलं नाही म्हणजे झालं. पण त्या भरवशावर ‘आमचं शिकून झालं’ असं मात्र धरू नका. आजी गावाला गेल्या की चौथ्या दिवशी कळतं.

म्हणजे उशीर डायपरमुळे होतो?

थोडा वाटा त्याचा आहे. लंगोट ओला झाला की गार लागतं, चिकटतं, मूल रडतं. चांगला डायपर हीच खबर मुलापासून लपवतो. अमेरिकेत १९६२ साली बेरी ब्रेझल्टन या बालरोगतज्ज्ञांनी १,१७० मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांत मुलं दिवसा कोरडी राहू लागण्याचं सरासरी वय २८.५ महिने होतं. तिथल्याच २००२ च्या एका अभ्यासात मुली ३२.५ आणि मुलगे ३५ महिन्यांच्या आसपास दिवसभर कोरडे राहू लागलेले दिसतात. दोन्ही अभ्यास वेगळ्या तऱ्हेचे, म्हणून आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करू नये. आणि या चाळीस वर्षांत फक्त डायपरच बदलला असंही नाही.

डायपर फेकून द्या असं मी म्हणणार नाही. रात्री, प्रवासात, दवाखान्यात तो असू दे. घरात असताना दिवसाचे दोन-तीन तास मात्र सुती चड्डी घाला, दोन वर्षांच्या आधीपासूनच. शिकवण्यासाठी नाही, नुसतं ओलं म्हणजे काय ते कळण्यासाठी.

लवकर सुरू केलं तर लवकर संपेल ना?

तसं होत नाही. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असं दिसलं की सत्तावीस महिन्यांच्या आधी नेटाने शिकवायला घेतलेली मुलं लवकर मोकळी झाली नाहीत, त्यांचा शिकण्याचा काळच तेवढा लांबला. आमच्याकडेही हेच दिसतं. खुणा नसताना दर अर्ध्या तासाला बसवलेली मुलं आणि खुणा दिसल्यावर दोन आठवड्यांत शिकलेली मुलं शेवटी एकाच सुमाराला चड्डीवर येतात. मधल्या काळात आई किती वेळा रडली, एवढाच फरक.

मुलगे उशिरा शिकतात हे खरं का?

सरासरी दोन-तीन महिन्यांनी. तुमचा मुलगा सरासरीत बसेलच असं नाही. मुलग्यांना सुरुवातीला बसूनच शू करायला शिकवा, उभं राहून नंतर. बसलं की शीपण होते, आणि भिंतीही वाचतात.

जूनमध्ये प्लेग्रुप सुरू होतोय आणि ‘डायपर चालणार नाही’ असं सांगितलंय. आता एप्रिल संपत आला. काय करू?

आधी शाळेला नीट विचारा. ‘चालणार नाही’चे अर्थ निरनिराळे निघतात. कुठे खरोखर घेत नाहीत, कुठे दोन जादा चड्ड्या दप्तरात दिल्या की मावशी बदलतात, कुठे पहिले दोन महिने सांभाळून घेतात. अडीच-तीन वर्षांच्या मुलांना सांभाळायचं म्हणजे कधीतरी चड्डी ओली होणारच, हे कळणारी शाळा शोधली तर पुढच्या बऱ्याच कटकटी वाचतात. हे माझं स्वच्छ मत आहे.

खुणा असतील तर दीड महिना पुरेसा आहे, आणि मे महिना या कामाला उत्तम. अंगात कपडे कमी, फरशी लगेच वाळते, चड्ड्या तासाभरात कडक होतात, घाम जातो म्हणून शूही कमी वेळा होते. खुणा नसतील तर दीड महिन्यात तुम्ही मुलाला शू दाबून धरायला शिकवाल, सांगायला नाही. त्यापेक्षा शाळेशी बोला, नाहीतर दिवाळीनंतर पाठवा.

आणखी एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. घरातला शब्द आणि शाळेतला शब्द एक करा. घरी ‘शू’, आजोळी ‘सू’, आणि इंग्रजी माध्यमात टीचरना सांगायचं ‘मे आय गो टु द टॉयलेट’. आमच्याकडे संध्याकाळी येणारी एक मुलगी नर्सरीत रोज चड्डी ओली करायची, आमच्याकडे कधीच नाही. तिला ते वाक्य येत नव्हतं, म्हणून ती सांगतच नव्हती. टीचरना ‘शू’ शब्द कळवला आणि प्रश्न संपला.

कधी सुरू करू नये?

घरात नवीन बाळ येणार असेल किंवा नुकतंच आलं असेल. घर बदलताय, नवीन पाळणाघर लावलंय, आई पुन्हा कामावर रुजू होतेय. मूल तापातून, जुलाबातून उठलंय. शी कडक होतेय, तर पहिला उपाय तिच्यावर. आणि जुलै-ऑगस्ट. हसू नका! ज्या घरात चड्ड्या पंख्याखाली वाळवाव्या लागतात, त्या घरातली माणसं चौथ्या ओल्या चड्डीला चिडतात, आणि तो चिडका चेहरा मुलाच्या लक्षात राहतो.

पॉटी घ्यावी, कमोडवर बसवावं, की भारतीय संडासात?

सुरुवातीला जमिनीवर ठेवायची साधी पॉटी मला सगळ्यात बरी वाटते. गाणी वाजणारी, गाडीच्या आकाराची नको, ती खेळणं होते. पाय जमिनीला टेकले पाहिजेत, एवढंच बघा. पाय लोंबकळत असले की पोटाला जोर मिळत नाही आणि पडायची भीतीही वाटते. थेट कमोडवर बसवायचं असेल तर वर छोटी सीट आणि पायाखाली स्टूल हवंच.

भारतीय संडासाची बैठक शी व्हायला छान, कारण उकिडवं बसलं की मार्ग सरळ होतो. पण दोन वर्षांच्या मुलाला ते भांडं रुंद पडतं आणि मधलं भोक बघून धडकी भरते. साडेतीन-चार वर्षांपर्यंत कुणीतरी समोर बसून हात धरायला हवेत. तोवर पॉटीतली शी त्याच्या देखत संडासात टाका. फ्लशच्या आवाजाला घाबरत असेल तर ते बाहेर गेल्यावर पाणी सोडा. आणि लहान मुलाची शी निरुपद्रवी असते म्हणून कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकू नका. तिच्यातूनही जुलाबाचे जंतू पसरतात. मुलींना धुताना हात पुढून मागे, नेहमीच. उलट धुतलं तर लघवीला जंतुसंसर्ग होऊ शकतो.

पहिल्या आठवड्यात नक्की करायचं काय?

जोडून सुट्टी बघा, तीन-चार दिवस घरात कुणीतरी मोकळं असेल अशी. सकाळी डायपर काढा, इलॅस्टिकची सैल चड्डी घाला. नाडी, बेल्ट, जीन्स, पायापासून गळ्यापर्यंतचे एकसंध कपडे सगळे कपाटात. मुलाला सांगा, ‘शू आली की इथे.’ मग उठल्यावर, नाश्त्यानंतर, बाहेर जाण्याआधी, झोपण्याआधी बसवा. जेवणानंतर आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून शीसाठी ती वेळ चांगली. पाच मिनिटांत झाली तर झाली, नाहीतर उठवा. दर वीस मिनिटांनी ‘शू आली का, शू आली का’ विचारत मागे फिरू नका. दुसऱ्या दिवसापासून मूल ऐकणंच बंद करतं, आणि शू आलीय हे ओळखायचं कामही तुम्हीच करताय असा त्याचा समज होतो.

पाणी कमी पाजून कोरडं ठेवायचा शहाणपणा करू नका. आठ-दहा दिवसांत काहीच फरक पडला नाही, रडारड वाढली, तर डायपर परत घाला आणि दीड-दोन महिने विषय काढू नका. यात हरण्यासारखं काही नाही. दोनदा सोडून तिसऱ्यांदा तीन दिवसांत शिकलेली मुलं माझ्याकडे दर वर्षी असतात.

शू व्यवस्थित सांगतो, पण शीसाठी डायपरच मागतो. तो घालून पडद्यामागे जातो.

फार घरांत हे चालतं, फक्त कुणी बोलत नाही. शू पटकन होऊन जाते. शी करताना मात्र अंगातून काहीतरी सुटून खाली पडतं, आवाज होतो, पाणी उडतं. मुलाला ते विचित्र वाटतं. डायपरमध्ये सगळं जवळ, घट्ट असतं.

डायपर नाकारू नका, कारण नाकारला की मूल शी दाबून ठेवतं. दाबलेली शी आतच वाळते, खडा होतो. खडा पडताना दुखतं, दुखलं म्हणून पुढच्या वेळी ते आणखी दाबतं. पाय कात्रीसारखे आवळून, टाचा उचलून, टेबल धरून उभं राहिलेलं मूल शी ‘करायचा प्रयत्न’ करत नसतं, ती थांबवत असतं. हे पुष्कळ आईबापांना उलटं वाटतं. असं आठवडेच्या आठवडे चाललं तर कडक मळाच्या बाजूने पातळ शी झिरपते, चड्डीला डाग पडतात आणि आपण समजतो जुलाब झाले.

तेव्हा डायपर द्या, पण तो घालून बाथरूममध्ये उभं राहायला सांगा. काही दिवसांनी डायपर घालूनच पॉटीवर बसायचं. मग डायपर पॉटीत अंथरायचा. महिना जाईल, जाऊ दे.

खाण्याकडे बघा. मी विचारते तेव्हा निम्म्या वेळा उत्तर येतं, ‘जेवत नाही म्हणून दूध देतो, लिटरभर पितो.’ लिटरभर दूध पोटात गेल्यावर तो जेवणार कधी? दिवसाला अर्धा लिटरच्या आत ठेवा. पपई, पेरू, भिजवलेले काळे मनुके, भाज्या घातलेली मऊ खिचडी, भरपूर पाणी. एवढ्याने सुटलं नाही तर डॉक्टर शी मऊ करणारं औषध देतात, आणि ते बरेच दिवस द्यावं लागतं. एकदा शी झाली म्हणून मनाने बंद करू नका. विड्याच्या पानाचा तेलात बुडवलेला देठ, साबणाची कांडी, एरंडेल हे घरगुती उद्योग कृपा करून नको. ज्या जागेला हात लावला की मूल आधीच घाबरतं, तिथेच आपण आणखी काही खुपसतो.

पाळणाघरात सांगते, घरी सांगत नाही. असं का?

आमच्याकडे दहा मुलं एका वेळेला जातात, एक गेलं की दुसरं जातं. घरी टीव्ही आणि आई असते. आईजवळ मूल सैल सोडतं, यात तुमची चूक नाही. फक्त दोन्हीकडची रीत एक ठेवा: तीच पॉटी, तोच शब्द, त्याच वेळा. पाळणाघरात चड्डी आणि घरी सोयीसाठी डायपर असं केलंत तर मूल गोंधळतं. मग ताईंना बोलू नका!

रात्रीचा डायपर कधी काढायचा?

दिवसाचं शिकण्याशी याचा फारसा संबंध नाही. झोपेत मूत्र कमी तयार व्हावं म्हणून शरीर एक संप्रेरक सोडतं, आणि मूत्राशय भरलं की मेंदूने जागं व्हावं लागतं. दोन्ही गोष्टी आपापल्या वेळेला पिकतात, शिकवून येत नाहीत. सकाळी डायपर सलग आठ-दहा दिवस कोरडा निघाला की काढून बघा. गादीवर मेणकापड असू द्या.

पाच वर्षांच्या मुलांपैकी साधारण १५ टक्के मुलं अजून अंथरूण ओलं करतात, आणि तोपर्यंत डॉक्टर त्याला आजार म्हणत नाहीत. पुढे दर वर्षी त्यांतली साधारण १५ टक्के आपोआप थांबतात. हे घराण्यातही चालतं. आई किंवा बाबांपैकी एक जण लहानपणी अंथरूण ओलं करत असेल तर मुलात तसं होण्याची शक्यता साधारण ४४ टक्के, दोघंही करत असतील तर ७७ टक्के. बाबा फार चिडत असतील तर त्यांच्या आईला फोन लावा.

छान सांगत होता. बहीण झाल्यापासून परत चड्डीत करतो.

मांडीवरची जागा गेली, ती तो परत मागतोय. काही आठवडे दुर्लक्ष करा, ‘एवढा मोठा दादा आणि…’ हे वाक्य घरातून हद्दपार करा, आणि दिवसातून वीस मिनिटं बाळाशिवाय फक्त त्याच्याजवळ बसा. बहुतेक वेळा सुटतं. असं घरगुती कारण नसताना अचानक सुरू झालं तर मात्र लघवी तपासून घ्या.

बक्षीस द्यावं का? आणि ओरडलं तर?

चांदणीचं स्टिकर, टाळ्या चालतील. रोज चॉकलेट नको, चार दिवसांनी भाव वाढतो. ओरडून कुणीही शिकलेलं नाही. ‘शेम शेम’ म्हणून चिडवणं, ‘शी, घाण’ म्हणून नाक मुरडणं, बाळाला मारून ‘परत करशील?’ विचारणं, चटका देण्याची धमकी: हे सगळं आजही कानावर येतं. मूल त्याने कोरडं होत नाही, फक्त ओली चड्डी लपवायला शिकतं. मला ती खेळण्यांच्या टोपलीत सापडते.

लग्नाला, एसटीने गावाला जायचंय. डायपर घातला तर शिकलेलं वाया जाईल?

नाही जाणार. ‘हा प्रवासाचा’ एवढं सांगून घाला, आणि पोहोचल्यावर चड्डी. एसटी थांब्यावर थांबली की विचारा, डायपर असला तरी. कार्यालयातल्या संडासाला मूल घाबरलं तर घरची पॉटी पिशवीतून न्यायला लाजू नका.

आम्ही परदेशात असतो. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत, आणि दोघांची मतं दोन टोकांची.

आजीला पायांवर बसवायला मोरी सापडत नाही, तुम्हाला कार्पेटची काळजी, आणि नर्सरीतल्या बाई म्हणतात घाई करू नका. आजीची नजर वापरा. थबकणं, चुळबूळ हे त्या तुमच्याआधी ओळखतील. बसवायचं कधी आणि किती वेळ हे तुम्ही ठरवा. कार्पेट नसलेल्या खोलीत सुरू करा. आजी परत जायच्या आठवड्यात नवीन काही सुरू करू नका.

मुलाचा विकास थोडा उशिरा होतोय. त्याच्यासाठीही हेच?

खुणा त्याच, वय वेगळं. तीन वर्षांच्या मुलाकडे तीन वर्षांचा म्हणून बघू नका, कोरडेपणा आणि समज यांकडे बघा. बोलत नसेल तर पॉटीचा फोटो भिंतीवर लावा, त्यावर हात ठेवला की जायचं. स्वमग्न मुलांना सीटचा गारवा, फ्लशचा आवाज, खोलीतला प्रकाश याचा त्रास होऊ शकतो. आधी तो शोधून कमी करा. थेरपिस्टशी बोला. सरकारी व्यवस्थेत जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीत, अशा मुलांना बघतात.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

शू करताना रडतं, ताप येतो, लघवीत रक्त दिसतं. धार बारीक, तुटक आहे किंवा सतत थेंब थेंब गळतं. शी करताना रक्त येतं, आठवड्यात दोनदाच होते. पाणी खूप पितं, शू खूप करतं आणि वजन उतरतंय: यात एक दिवसही थांबू नका, मधुमेह लहान मुलांनाही होतो. पाठीच्या तळाशी खोल खळी किंवा केसांचा झुपका आहे आणि पायांत जोर कमी वाटतो. चार वर्षं झाली तरी दिवसा कोरडं राहत नाही. आणि सहा महिने कोरडं राहून परत सुरू झालंय.

चड्ड्या किती आणू?

बारा. पाळणाघरात चार, दप्तरात दोन, बाकी घरी. गडद रंगाच्या, एक माप मोठ्या, लेस नसलेल्या. आणि हो, नावं घाला त्यांच्यावर. आमच्याकडे या घटकेला एकसारख्या निळ्या नऊ पडल्यात, कुणाच्या ते कुणीच सांगत नाही.